सेतूचं उद्घाटन होतं, पूल वाहून जातो

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका रात्रीत एवढा पाऊस झाला की सकाळी आमच्याकडची गावं टीव्हीवर दिसू लागली. एरवी आमच्या भागाचं नाव टीव्हीवर येतं ते अक्षय्य तृतीयेला, भेंडवळच्या घटमांडणीपुरतं. मी पुण्यात होतो. दोन तास फोन लागत नव्हता. लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "रपटा गेला."

"कसा गेला?"

"कसा म्हंजे? पाणी आलं, गेला. आता तुले काय सांगू."

ज्यांनी रपटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाल्यात सिमेंटची नळकांडी आडवी ठेवायची, त्यांवर काँक्रीट ओतायचं, आणि वरून रस्ता न्यायचा. कठडा नाही, उंची नाही. थोडं पाणी आलं तर नळकांड्यांतून जातं, जास्त आलं तर वरून. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं, येरळीजवळ पूर्णा ओलांडायची, आणि मग शेवटी हा रपटा पार करायचा, तेव्हा माझं घर येतं. पूर्णेवरच्या पुलाचा मला लहानपणी अभिमान वाटायचा, तसा रपट्याचा कधीच वाटला नाही. त्याला कुणी पूलही म्हणत नसे.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: रपटा वाहून गेला, गावाचा संपर्क तुटला. बातमीत काही चूक नव्हती. पण मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही बंद पडलं की ते का बंद पडलं हे लिहून काढण्याचा पगार मला मिळतो. त्या सवयीने मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. गेला. तुटला. दोन्ही क्रियापदं अकर्मक. दोन्ही वाक्यांत कुणी काही केलेलं नाही, काही न केलेलंही नाही. पूल स्वतःच उठून गेला, पाहुणा जातो तसा. किंवा माणूस 'जातो' तसा.

तेव्हापासून पुलाबद्दलचं काहीही वाचताना मी क्रियापदाकडे आधी बघतो. बातम्या, पाट्या, कोनशिला, आणि शेवटी कथा-कादंबऱ्याही मी अशाच वाचल्या. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

*

वाचनाची सुरुवात खरं तर आधीच झाली होती, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल त्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि काही खासगी वाहनं अंधारात सरळ नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. जवळच्या एका गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून पुढची वाहनं थांबवली गेली. नंतर कितीतरी दिवस नौदलाचे पाणबुडे गढूळ पाण्यात बस शोधत होते, क्रेनला लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपत होते. काही मृतदेह खाडीतून पार समुद्रापर्यंत गेले होते. सावित्री तिथून खाली बाणकोटच्या खाडीला मिळते. एकेकाळी याच वाटेने गलबतं महाडच्या बंदरापर्यंत वर येत. ज्या वाटेने माल चढायचा त्याच वाटेने माणसं वाहत गेली.

मी तेव्हा शेगावला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता. वर्गात बल, आघूर्ण, आधारावरची प्रतिक्रिया असं सगळं सुरू होणार होतं. मेसमधल्या टीव्हीवर त्या पुलाचं उरलेलं टोक दिसत होतं. निवेदक पुन्हा पुन्हा एक शब्द वापरत होता: 'ब्रिटिशकालीन'.

या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण मराठीतला हा फार सोयीचा शब्द आहे. पूल उभा असतो तोवर 'ब्रिटिशकालीन' म्हणजे भक्कम. बघा, शंभर वर्षं झाली, चिरा हललेला नाही. पूल पडला की तोच शब्द 'जुनाट' या अर्थाने येतो. ब्रिटिशकालीन होता, पडायचाच. म्हणजे उभा राहिला तर श्रेय ब्रिटिशांचं, पडला तर दोष वयाचा. आपण मधे कुठेच नाही. सावित्रीवरचा पूल १९२८ चा. २०१६ ला त्याचं वय ८८. त्यातली १९ वर्षं तो ब्रिटिशांकडे होता आणि ६९ वर्षं आपल्याकडे. साध्या वजाबाकीने तो आपलाच पूल ठरतो.

दगडी कमान ही फार शहाणी रचना असते. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या खांबांतून पायाकडे उतरतो. दगड दाब सहन करण्यात पटाईत. म्हणून कमान शतकं टिकते. पण तिचे शत्रू ठरलेले आहेत. सांध्यांतला चुना झिजतो. तिथे पिंपळाचं रोप येतं आणि मुळं दगड अलग करतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे करून पायाखालची माती खरवडत जातं. ते वरून दिसत नाही. वर डांबर गुळगुळीत असतं, पांढरे पट्टे ताजे असतात. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असं नंतर सरकारनेच सांगितलं. पाहणी हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्यात पाहण्यापलीकडे काही करण्याची सोय नाही.

मग नवा पूल झाला. १६५ दिवसांत. जून २०१७ मध्ये उद्घाटन झालं आणि त्या बातम्यांत भाषा एकदम बदलली. तिथे कर्ते होते, नावानिशी. कुणी बांधला, कुणी आदेश दिला, कुणाच्या हस्ते लोकार्पण. सगळी वाक्यं सकर्मक. १६५ दिवसांत पूल बांधणं ही अभियांत्रिकीतली खरी कामगिरी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण एवढ्या वेगाने बांधू शकणाऱ्या राज्याला ६९ वर्षांत खांबांच्या पायाशी उतरून बघणाऱ्या माणसाबद्दल एक वाक्य का सुचलं नसेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

*

साहित्याने हे वाक्य लिहिलं असेल, या आशेने मी पुलांवरच्या गोष्टी शोधायला लागलो. तीन मिळाल्या. तिन्ही परदेशी लेखकांच्या, तिन्ही प्रसिद्ध.

पहिली थॉर्नटन वाइल्डरची 'द ब्रिज ऑफ सान लुइस रे'. १९२७ ची, म्हणजे सावित्रीच्या पुलाच्या बरोबरीची. १९२८ ला तिला पुलित्झर मिळालं. १७१४ साली पेरूमधला सर्वांत देखणा दोरपूल तुटतो आणि पाच प्रवासी दरीत पडतात. ज्युनिपर नावाचा एक साधू ते बघतो आणि त्याला प्रश्न पडतो: हे पाचच का? देवाच्या योजनेत त्यांची वेळ भरली होती का? सहा वर्षं तो त्या पाच जणांच्या आयुष्यांची माहिती गोळा करतो. आधी एका साथीत मेलेल्या आणि वाचलेल्या लोकांना त्याने चांगुलपणा, भक्ती आणि उपयुक्तता यांचे दहापैकी गुण दिलेले असतात. आजच्या भाषेत, एक्सेल शीट केलेली असते. हिशेब जुळत नाही. शेवटी धर्मन्यायालय त्याला त्याच्या ग्रंथासकट जाळतं.

ही कादंबरी सुंदर आहे. जेमतेम सव्वाशे पानांत ती पाच माणसांना असं उभं करते की ती पडणार हे आधीच माहीत असूनही आपण हळहळतो. महाडनंतर तिचा पहिला प्रश्न आपणही विचारत होतो. अमुक जण ती एसटी चुकल्यामुळे वाचले, तमुक जण सुट्टी लवकर संपवून निघाल्यामुळे गेले. आमच्याकडे त्याला 'वेळ आली होती' म्हणतात.

पण इंजिनिअर म्हणून वाचताना मला एका जागी ठेच लागली. कादंबरीत तो पूल इंका लोकांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी विणलेला आहे आणि लिमा शहरात सगळ्यांना तो कायमचाच वाटतो. काडीकाठ्यांचा, वेलींचा दोरपूल शंभर वर्षं आपोआप टिकत नाही. पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर क्वेस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आजही आहे. दर वर्षी जून महिन्यात काठावरच्या चार वस्त्यांतली माणसं जमतात, घराघरातून गवताची दोरी वळून आणतात, जुना पूल सोडून देतात आणि नवा विणतात. तीन दिवसांचं काम आणि मग सण. युनेस्कोने २०१३ मध्ये या प्रथेची नोंद मानवी वारशात केली. लक्षात घ्या, नोंद पुलाची नाही, विणण्याची.

म्हणजे वाइल्डरच्या पुलालाही कुणीतरी वर्षानुवर्षं विणत असणार. त्या वर्षी ते का थांबले? साधूने विचारायचा प्रश्न हा होता. त्याने मेलेल्यांची आयुष्यं तपासली, दोर तपासला नाही. कादंबरीकारानेही नाही. शेवटी तर एका मठाध्यक्षा बाईच्या तोंडून पुलाचं रूपांतर प्रेमात होतं: जिवंत आणि मृत यांना जोडणारा तो पूल. वाचताना डोळे भरून येतात आणि पुस्तक मिटल्यावर राग येतो. पूल रूपक झाला की त्याला दुरुस्ती लागत नाही.

दुसरी गोष्ट किपलिंगची, 'द ब्रिज-बिल्डर्स', १८९३ ची. इथे पूल गंगेवर आहे. पावणेदोन मैल लांब, २७ विटांचे खांब, खाली रेल्वे आणि वर बैलगाड्यांचा रस्ता. फिंडलेसन नावाचा इंग्रज इंजिनिअर, त्याचा मदतनीस हिचकॉक, आणि पेरू नावाचा खलाशी मुकादम. देशाचं नाव नाही, माणसाचं. हा पेरू वलसाडचा खारवा, जगातली बंदरं बघितलेला. मोठ्या नदीवरचा पूल बांधताना दोर, कप्पी, होड्या यांचं ज्ञान इंजिनिअरइतकंच लागतं, हे किपलिंगला माहीत होतं. काम पूर्ण होत आलेलं असताना वरच्या अंगाने पुराची तार येते. सगळी रात्र धावपळ. होड्या सुटून खांबांवर आदळल्या तर काय, ही भीती. पेरूने दिलेल्या अफूच्या गोळ्या घेऊन फिंडलेसन भ्रमात जातो आणि एका बेटावर देवांची सभा बघतो. गंगा मगरीच्या रूपात तक्रार करते की मला बांधलं. गणपती, मारुती, कृष्ण आपापलं मत देतात. सकाळी पूल उभाच असतो.

ही साम्राज्याच्या बाजूने लिहिलेली गोष्ट आहे यात शंका नाही. हजारो मजूर तिच्यात गर्दी म्हणून येतात, रोगराईने मरतात तेही गर्दी म्हणूनच. पण एवढं म्हणून मी ती बाजूला ठेवू शकत नाही, कारण त्या गर्दीबद्दल बोलायचा अधिकार मला सहज मिळणारा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या कामावरचा एक टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि सळयांबरोबर मजूर. १३ जण दबून मेले. बहुतेक परराज्यांतून आलेले. आज मी त्या महामार्गाने मेहकरवरून जातो तेव्हा गाडीचा वेग बघतो, पुलांची संख्या मोजतो, आणि त्या १३ जणांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. किपलिंगने निदान पेरूला नाव दिलं.

आणि किपलिंगने आणखी एक गोष्ट अचूक पकडली, इंजिनिअरची भीती. फिंडलेसन पुराच्या रात्री आपले आकडे मनात पुन्हा पुन्हा तपासतो. आकडे बरोबर असतात. पण नदीच्या बाजूचे आकडे त्याच्याकडे नसतात. ज्याने कधी रात्री दोन वाजता आपण लिहिलेली प्रणाली लाखो लोकांसाठी सुरू केली आहे त्याला ही भीती पोटात कळेल. फक्त किपलिंगची गोष्ट त्याच सकाळी संपते. भीती एका रात्रीची. पुढच्या ८८ पावसाळ्यांत ती भीती कुणी बाळगायची, हे तो लिहीत नाही.

तिसरी गोष्ट इव्हो आंद्रिचची 'द ब्रिज ऑन द ड्रिना'. १९४५ ची, लेखकाला १९६१ चं नोबेल मिळालं. बोस्नियातल्या विशेग्राद गावी सोळाव्या शतकात एका तुर्की वजिराने बांधलेला दगडी पूल आणि त्याच्यावरून गेलेली साडेतीनशे वर्षं. इथे बांधकाम आहे, अत्याचार आहेत, पूर आहेत, पुलावरच्या कट्ट्यावर बसून गप्पा मारणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत. आणि इथे मला ते वाक्य सापडलं, जे मी शोधत होतो. नेमकं म्हणजे एक माणूस सापडला.

वजिराने पुलाजवळ एक सराईही बांधलेली असते. तिच्या खर्चासाठी दूर हंगेरीतल्या जमिनींचं उत्पन्न लावून दिलेलं असतं. शतकभराने तुर्क हंगेरीतून मागे हटतात आणि उत्पन्न थांबतं. इमारतीला तडे जायला लागतात, छप्पर गळतं. तिची व्यवस्था बघणारा दाऊदहोजा वरिष्ठांना पत्रं लिहितो, खेटे घालतो, कुणी पैसे देत नाही. मग तो स्वतःच्या पैशाने कौलं बसवतो, भिंती लिंपतो. गावाला तो वेडा वाटतो. त्याच्याने ती इमारत वाचत नाही. साम्राज्याची सीमा कुठेतरी शेकडो मैलांवर सरकली आणि त्याचा परिणाम म्हणून इथे एका छपरातून पाणी गळलं, एवढं साधं कारण-कार्य आंद्रिच दाखवतो. बजेट नावाची गोष्ट कादंबरीत इतक्या हळुवारपणे आलेली मी दुसरीकडे वाचली नाही.

शेवटी १९१४ मध्ये तो पूलही सुरुंगाने उडवला जातो. पण मला लक्षात राहतो दाऊदहोजा. वाइल्डरकडे पूल तुटतो, किपलिंगकडे बांधला जातो. आंद्रिचकडे तो सांभाळला जातो, आणि म्हणून या तिघांत तो मला सर्वांत मोठा लेखक वाटतो. सुरुवात आणि शेवट यांना नाट्य आपोआप मिळतं. मधल्या काळाला ते द्यावं लागतं.

*

मराठीत असं काही आहे का? धरण आपल्याकडे कादंबरीत आलं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांची, १९९२ चा साहित्य अकादमी तिला मिळाला. तिच्यात कचेऱ्या आहेत, फायली आहेत, साहेब आहेत. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात उठणाऱ्या गावांतल्या माणसाने ती वाचली तर त्याला परकी वाटणार नाही. पुलाची अशी कादंबरी माझ्या वाचनात नाही. मात्र पूल मराठीत रूपक म्हणून उदंड आहे, आणि रूपक व्हायचं असलं की त्याचं नाव बदलतं. तो 'सेतू' होतो.

दोन पिढ्यांमधला सेतू, परंपरा आणि आधुनिकता यांमधला सेतू, लेखक आणि वाचक यांमधला सेतू. पूल फारसीतून आला, धुळीने माखलेला, रस्त्यावरचा. सेतू संस्कृत, सोवळ्यातला. सरकारलाही हे कळतं. गोव्यात मांडवीवर २०१९ मध्ये झाला तो अटल सेतू. मुंबईच्या समुद्रावर २०२४ मध्ये झाला तोही अटल सेतू. त्याच मांडवीवर, जिथून खनिजाच्या बार्जेस समुद्राकडे जात, १९८६ च्या जुलैत जो कोसळला तो मात्र नेहरू 'पूल' होता, बांधून जेमतेम दीड दशक झालेला. पुन्हा होड्या आणि फेरीबोटींवर माणसं नदी ओलांडू लागली. सेतूचं उद्घाटन होतं, पूल वाहून जातो. सेतू कोसळला अशी बातमी मी अजून वाचलेली नाही. आमच्या तहसीलला तर 'सेतू' म्हणजे उत्पन्नाचा दाखला मिळायची खिडकी. तिथे मात्र दुरुस्ती चालू असते, सर्व्हर डाउन असतो.

मूळ सेतूची गोष्टही बघा. नलाने बांधला, वानरांनी दगड आणले, खारीने वाळू आणली. बांधणाऱ्यांचं एवढं उदार श्रेय जगातल्या कुठल्या पुलाने दिलं नसेल, खारीच्या पाठीवरचे पट्टेसुद्धा पावतीसारखे आहेत. पण सेना लंकेला पोचल्यावर त्या सेतूची देखभाल कुणाकडे होती?

देखभालीबद्दलचा आपला एकमेव साहित्यप्रकार म्हणजे पाटी. 'पूल धोकादायक आहे. जड वाहनांस बंदी. आदेशावरून.' आदेश कुणाचा ते कधी असतं, कधी पुसलेलं असतं. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या जुन्या लोखंडी पुलाशीही अशी पाटी होती. १५ जून २०२५ च्या रविवारी तो पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. मी पुण्याहून दोनदा तिथे गेलो आहे आणि पाटी मीही वाचलेली होती. वाचून पुढे गेलो होतो. पाटी लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यावर जबाबदारी सोपवायची असते आणि वाचणाऱ्याला ती लिहिणाऱ्याची वाटते. कोनशिला आणि पाटी शेजारी ठेवून वाचा. कोनशिलेवर संगमरवरात सोळा नावं, 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती'. पाटीवर एकही हात नाही.

*

इथवर लिहून मला थांबायला हवं, कारण हे सगळं लिहिणारा माणूस त्याच भाषेत काम करतो.

दोन वर्षांपूर्वी आमची एक सेवा मध्यरात्री बंद पडली. कारण क्षुल्लक होतं. एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. वेळेत नूतनीकरण केलं असतं तर दहा मिनिटांचं काम. आठवण करून देणारे मेल महिनाभर येत होते आणि माझ्याकडेच येत होते. मी तेव्हा एका नव्या कामात होतो, ज्याचं प्रात्यक्षिक सगळ्यांसमोर होणार होतं. नव्या कामाला टाळ्या असतात. मुदत वाढवण्याला नसतात. सकाळी अहवाल मीच लिहिला. आमच्या धंद्यात अशा अहवालात कुणाला दोष द्यायचा नाही असा संकेत आहे, आणि तो चांगला आहे. दोषाची भीती असली की माणसं खरं लपवतात. पण त्या संकेताच्या आडोशाला मी पहिलंच वाक्य लिहिलं: प्रमाणपत्र एक्स्पायर झालं.

झालं. आपोआप. पाणी आलं, गेला.

कुणाचा जीव गेला नाही. काही हजार लोकांना दोन तास पैसे भरता आले नाहीत. पण ते वाक्य वाचताना मला मेसमधला टीव्ही आठवला. मी अहवाल बदलला. 'आठवणीचे मेल माझ्याकडे येत होते. मी ते महिनाभर पुढे ढकलले. माझ्या जागी बघणारं दुसरं कुणी नेमलेलं नव्हतं.' तीन वाक्यांत तीन दुरुस्त्या आपोआप दिसत होत्या, ज्या 'एक्स्पायर झालं'मध्ये दिसत नव्हत्या. कर्ता लिहिला की शिक्षा कुणाला करायची तेवढंच कळतं असं नाही. उद्या काम कुणाला द्यायचं तेही कळतं. अकर्मक क्रियापदाचं हे खरं नुकसान आहे. ते गुन्हेगाराला लपवतं म्हणून वाईट असं लोक म्हणतात. माझ्या मते ते कामालाच लपवतं.

म्हणून मी पुढच्या सुट्टीत बाबांना रपट्याबद्दल पुन्हा विचारलं. आता क्रियापद सोडून विचारलं: नळकांड्यांत काय होतं?

"पऱ्हाट्या," बाबा म्हणाले. कपाशी उपटल्यावर बांधावर टाकलेल्या वाळक्या पऱ्हाट्या, गाळ, प्लास्टिक. पाणी खालून जाऊ शकलं नाही, मागे तुंबलं, वरून आणि बाजूने गेलं, आणि बाजूची माती घेऊन गेलं. मग रपट्याला धरायला काही उरलं नाही. पाऊस अचाट होता हे खरंच. नळकांडी मोकळी असती तरी तो टिकला असता असं मी म्हणत नाही. पण मोकळी नव्हती.

"आधी कोण काढायचं?"

आधी आजोबा आणि त्यांच्या बरोबरीचे काढायचे. मृग लागायच्या आधी चार-पाच जण पावडी, टोपल्या घेऊन नाल्यात उतरायचे. सरकारी काम नव्हतं, गावकीही म्हणता येणार नाही. पलीकडे त्यांची शेतं होती एवढंच. जूनमध्येच, क्वेस्वाचाकासारखं. मग ते म्हातारे झाले. बाबांच्या पिढीला ते ग्रामपंचायतीचं काम वाटलं, ग्रामपंचायतीला बांधकाम खात्याचं. आणि माझी पिढी पुण्याला आली. हे कधी बंद झालं ते बाबांना आठवेना. बंद पडणाऱ्या गोष्टींना तारीख नसते.

रपटा आता नवा झाला आहे, थोडा उंच, नळकांडी मोठी. एका टोकाला काळ्या दगडाची पाटी आहे आणि तिच्यावर नावं आहेत. मी ती सगळी वाचली.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी फोन केला. पेरणी, पाऊस, भाव असं सगळं बोलून झाल्यावर मी सहज विचारलं की नळकांड्यांत पऱ्हाट्या अडकल्या का.

"अडकल्या होत्या," बाबा म्हणाले. "काढल्या आम्ही. मी होतो, तुया काका होता, अन्‌ दोन पोट्टे होते."

"कधी?"

"परवा. कायले?"

कायले ते मी सांगितलं नाही. वाक्य मात्र लिहून ठेवलं.